नोंदणीकृत मोबाईल: खात्याचा खरा सातबारा

छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून २१ कोटी ५९ लाख रुपये परस्पर वळवले गेल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये उघडकीस आले. त्यानंतर राज्यभर चर्चा रंगली ती महागड्या मोटारींची, आलिशान फ्लॅटची आणि महिना १३ हजार रुपये पगारावरच्या कंत्राटी कर्मचाऱ्याने हे केलेच कसे याची. प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा तपशील मात्र या चर्चेत मागे पडला. पोलिसांनी तपासात जे मांडले ते असे: संकुलाच्या जुन्या लेटरहेडवर बँकेला विनंती गेली की खात्याशी जोडलेला ईमेल पत्ता बदलावा. नवा पत्ता जुन्यासारखाच दिसत होता, फरक जेमतेम एका अक्षराचा होता. बँकेच्या नोंदीत तो पत्ता चढला, त्यावर ओटीपी आणि इतर संदेश जाऊ लागले, नेट बँकिंग सुरू झाले आणि १ जुलै ते ७ डिसेंबर २०२४ या काळात पैसे तेरा खात्यांत वळवले गेले. आरोप सिद्ध करणे हे न्यायालयाचे काम आहे. पण फसवणुकीची जी रीत पोलिसांनी सांगितली, तिच्याकडे प्रत्येक खातेदाराने नीट पाहिले पाहिजे. इथे कुणी पासवर्ड फोडला नाही, बँकेच्या सर्व्हरवर हल्ला केला नाही, कुठला व्हायरस सोडला नाही. संपर्काच्या रकान्यातली एक नोंद बदलली आणि पाच महिन्यांहून अधिक काळ बँकेची संगणक यंत्रणा नव्या पत्त्यालाच खातेदार मानत राहिली.

आपल्या डिजिटल सुरक्षेची सगळी चर्चा कुलपाभोवती फिरते. पासवर्ड किती अक्षरांचा असावा, ओटीपी कुणाला सांगू नये, बोटाचा ठसा लावावा की चेहरा दाखवावा, याबद्दल जाहिराती, भित्तिपत्रके आणि कॉलर ट्यून सतत बजावत असतात. ते सगळे आवश्यकच आहे. परंतु कुलूप उघडायला जी किल्ली लागते ती कुणाच्या पत्त्यावर पाठवायची, हे ठरवणारी नोंद बदलायला काय लागते, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की नोंदणीकृत मोबाईल आणि नोंदणीकृत ईमेल हीच आज खात्याची खरी मालकी आहे. म्हणून त्या नोंदीतला बदल हा खात्यावरचा सर्वांत जोखमीचा व्यवहार समजला पाहिजे, आणि तो सर्वांत सावकाश, सर्वांत उघडपणे आणि दोन वेगळ्या माणसांच्या हातून झाला पाहिजे. आज बऱ्याच ठिकाणी पाच लाख रुपये पाठवताना जेवढी चौकशी होते, तेवढीही ते पाठवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या बदलाची होत नाही.

ही नोंद इतकी वजनदार कशी झाली, हे आधी पाहू. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना पडताळणीचा आणखी एक टप्पा सक्तीचा केला. त्या वेळी जगातल्या अनेक देशांत कार्डाचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर खरेदी होत असे. भारताने पुढे ओटीपीची सवय लावली आणि त्यामुळे कार्डांची चोरी अवघड झाली, याचे श्रेय रिझर्व्ह बँकेला द्यायलाच हवे. मात्र याच सवयीतून एक गोष्ट हळूहळू घडत गेली. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, आधार, डिजिलॉकर, गॅस जोडणी, शेतकऱ्याचा पीकविमा, लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी, या सगळ्यांनी ओळख पटवण्यासाठी मोबाईल नंबरच्या त्याच दहा आकड्यांचा आधार घेतला. पासवर्ड विसरला तर नवा पासवर्ड कुठे येतो? मोबाईलवर. मोबाईलवर नाही आला तर ईमेलवर. आणि ईमेलचाच पासवर्ड विसरला तर? पुन्हा मोबाईलवर. म्हणजे दिसायला पासवर्ड, पिन, ओटीपी असे तीन पहारे आहेत. पण तिन्ही पहारेकरी शेवटी एकाच नोंदवहीत पाहून माणूस ओळखतात. त्या नोंदवहीत नाव कुणी आणि कसे घालायचे याचे नियम ढिले असतील, तर पहारे दुप्पट करून उपयोग नाही.

हे फक्त एका शहरातल्या एका कार्यालयाचे दुखणे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याच्या फोनवर रात्री उशिरा सहा मिस्ड कॉल आले आणि मग फोनच बंद पडला. त्यांच्या नंबरचे दुसरे सिम कुणीतरी मिळवले होते. त्यानंतर खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये गेले. अमेरिकेत ९ जानेवारी २०२४ रोजी तिथल्या भांडवल बाजार नियामकाच्या एक्स खात्यावरून बिटकॉइनविषयी खोटी घोषणा झाली आणि काही मिनिटांत बाजार हलला. तपासात निघाले ते असे की एका माणसाने बनावट ओळखपत्र छापले, मोबाईल कंपनीच्या दुकानात जाऊन त्या खात्याशी जोडलेल्या नंबरचे सिम घेतले आणि पासवर्ड नव्याने तयार करून घेतला. त्याआधी २०१२ मध्ये मॅट होनन या अमेरिकन पत्रकाराचे फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप दूरवरून पुसले गेले, लहान मुलीचे फोटोही त्यात गेले. हल्लेखोरांनी एका कंपनीच्या मदत केंद्राकडून त्याच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे मिळवले आणि तेच चार आकडे दुसऱ्या कंपनीने ओळखीचा पुरावा म्हणून स्वीकारले. वर्षे वेगळी, देश वेगळे, रकमा वेगळ्या. पण प्रत्येक वेळी चोर शिरला तो खातेदाराच्या सोयीसाठी ठेवलेल्या दुरुस्तीच्या खिडकीतून, आणि खिडकीवर बसलेल्या माणसाला खऱ्या मालकाला विचारावे असे वाटले नाही किंवा तसा नियमच त्याच्यापुढे नव्हता.

या मालिकेत एक प्रकार थोडा वेगळा आहे आणि तो मराठवाड्याला चांगलाच परिचयाचा झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका आली. ती पत्रिका नव्हतीच, तो अँड्रॉइड फोनमध्ये अॅप बसवणारी एपीके फाइल होती. ती उघडल्यावर खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. आरटीओचे चलन, बँकेचे केवायसी, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी फिरणाऱ्या फाइलीही याच जातीच्या. असे अॅप बसताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, ती मिळाली की येणारा प्रत्येक ओटीपी गुपचूप चोराकडे पोचवते. इथे नोंदणीकृत नंबर बदललेला नसतो, तो खातेदाराच्याच खिशात असतो. तरीही दुखण्याचे मूळ तेच: नंबरवर संदेश पोचला म्हणजे तो माणसापर्यंत पोचला, असे यंत्रणा धरून चालते. क्रीडा संकुलाच्या प्रकरणात पत्ता बदलला, माहीमच्या प्रकरणात सिम बदलले, हिंगोलीत फोनच्या आतच कान लावला गेला. म्हणून पहिला निष्कर्ष असा की ओटीपी हा ओळखीचा एक दुवा आहे, तो ओळख नव्हे. आणि दुसरा, अधिक महत्त्वाचा: एपीकेचा हल्ला निदान खातेदाराच्या एका चुकीवर तरी उभा असतो, संपर्काची नोंद परस्पर बदलली जाते तेव्हा खातेदाराने काहीही चूक न करता तो लुटला जातो.

मग अशी नोंद बदलावी कशी? यासाठी परदेशी आदर्श शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सातबाऱ्यावरचे नाव कुणी अर्ज केला म्हणून त्याच दिवशी बदलत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि ज्यांचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्यांना लेखी कळवतो. हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत जाते आणि तिच्यावर सुनावणी होते. हरकत नसेल तरी नोंद घेणारा तलाठी स्वतःच ती प्रमाणित करू शकत नाही, ते काम मंडळ अधिकाऱ्याचे. जुनी नोंदही पुसली जात नाही, फेरफाराच्या क्रमांकासह ती कायम दिसत राहते. या व्यवस्थेतही गैरप्रकार होतात, नोटिसा वेळेवर पोचत नाहीत, हे खरे आहे. पण तिच्यातली चार तत्त्वे पक्की आहेत: आधीच्या नोंदीतल्या माणसाला कळवणे, हरकतीला वेळ देणे, नोंद घेणारा आणि मंजूर करणारा वेगळा ठेवणे आणि माग जपणे. गुंठाभर जमिनीसाठी आपण एवढी काळजी घेतो. कोट्यवधी रुपयांच्या खात्याची किल्ली एका पत्रावर दुसऱ्याच्या हाती जावी, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

ही चार तत्त्वे संभाजीनगरच्या प्रकरणाला लावून पाहिली तर त्यांची ताकद लक्षात येते. ईमेल बदलण्याची विनंती आल्याबरोबर जुन्या ईमेलवर आणि कार्यालयाच्या टपाल पत्त्यावर 'असा बदल मागितला आहे, आपली हरकत आहे का' असे पत्र गेले असते, तर खाते सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना जुलैमध्येच जाग आली असती. बदल लागू होण्यापूर्वी आठ दिवस थांबावे लागले असते, तर त्या आठ दिवसांत एक फोन तरी झाला असता. ज्या खात्याचे व्यवहार एरवी अधिकाऱ्यांच्या सहीच्या धनादेशाने चालत, तिथे नेट बँकिंग सुरू करताना एकाने व्यवहार टाकायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा अशी दुहेरी व्यवस्था सक्तीची असती, तर एकट्याच्या हाताला मर्यादा आली असती. आणि दरमहा बँकेचे विवरण घेऊन रोकडवहीशी ताळमेळ घातला गेला असता, तर पहिल्याच महिन्याअखेर फरक दिसला असता. यातल्या एकाही उपायाला नवे तंत्रज्ञान लागत नाही.

अशी काळजी व्यवहारात शक्य आहे, याचे पुरावे आपल्या आसपासच आहेत. दूरसंचार नियामक ट्रायने १ जुलै २०२४ पासून नियम केला की सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही. दूरसंचार विभागाने त्याआधीच, २०२२ मध्ये, सिम बदलल्यानंतर चोवीस तास एसएमएस बंद ठेवण्याचे आदेश कंपन्यांना दिले. यूपीआयवर नव्याने नोंदणी केली की पहिल्या चोवीस तासांत ५ हजार रुपयांपर्यंतच पाठवता येतात. अॅपलने जानेवारी २०२४ मध्ये आयफोनमध्ये अशी सोय आणली की घर किंवा कार्यालय अशा नेहमीच्या ठिकाणाबाहेर कुणी खात्याचा पासवर्ड बदलू लागले, तर तासभर थांबावे लागते आणि नंतर पुन्हा चेहरा किंवा बोट दाखवावे लागते. गूगल खात्यात खाते परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर बदलल्यावरही पुढचे सात दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय खुला राहू शकतो. म्हणजे थांबण्याचा काळ आणि जुन्या संपर्काचा हक्क ही दोन्ही तत्त्वे जगातल्या मोठ्या कंपन्यांनी स्वीकारली आहेत. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी पडताळणीचे नवे निर्देश काढले आणि अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. त्यांत एसएमएस ओटीपीखेरीज इतर मार्गांना वाव आहे, आणि निर्देश न पाळल्यामुळे नुकसान झाले तर ग्राहकाला पूर्ण भरपाई देण्याची जबाबदारी बँकेवर किंवा सेवा देणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. हे पाऊल मोठे आहे. पण व्यवहाराच्या क्षणी काय तपासायचे हे जितके काटेकोर झाले, तितकाच काटेकोरपणा संपर्क बदलण्याच्या क्षणालाही लागला पाहिजे. नाहीतर पुढचे दार लोखंडी आणि मागचे फळकुटाचे अशी स्थिती राहील.

यावर पहिला आक्षेप असा येईल की क्रीडा संकुलाचे प्रकरण घरभेद्याचे आहे, त्याला तंत्रज्ञानाचा प्रश्न म्हणणे चुकीचे. माणूसच अप्रामाणिक असेल तर कुठला नियम त्याला रोखणार? यात तथ्य आहे; लेटरहेड, शिक्के आणि कार्यालयाची कामकाजाची रीत आतल्या माणसालाच माहीत असते. पण म्हणूनच तर व्यवस्था हवी. बाहेरच्या चोराला बनावट ओळखपत्र बनवावे लागते, आतल्याला तेही लागत नाही. बदलाची सूचना जुन्या पत्त्यावर आणि एकाहून अधिक पदाधिकाऱ्यांकडे जाण्याचा नियम घरभेद्यासाठी सर्वांत अडचणीचा ठरतो, कारण त्याला एकाच वेळी सगळ्यांचे डोळे चुकवावे लागतात. सुरक्षेची रचना माणसांच्या प्रामाणिकपणावर सोडायची नसते. एका माणसाचा अप्रामाणिकपणा पुरेसा ठरू नये, अशी ती रचायची असते. शिवाय कंत्राटी नेमणुकांवर चालणाऱ्या कार्यालयांत संगणकाचे सगळे ज्ञान एकाच तरुण कर्मचाऱ्याकडे आणि सहीचा सगळा अधिकार संगणकापासून दूर असलेल्या अधिकाऱ्याकडे, अशी विभागणी सर्रास दिसते. ही विभागणी धोक्याची आहे. ज्याच्या नावावर खाते चालते त्याला आपल्या खात्यावर नोंदणीकृत ईमेल कोणता आहे, हे स्वतः पाहता आले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो गरिबांच्या बाजूने येतो. ऊसतोडीला सहा महिने परगावी जाणाऱ्या कुटुंबाचा फोन हरवतो, रिचार्ज न झाल्याने नंबर बंद पडतो, नवा नंबर घ्यावा लागतो. अशा माणसाचा जुना नंबर हातात नसतो, आणि जुन्या नंबरवर होकार मागणे म्हणजे त्याला त्याच्याच पैशांपासून तोडणे. अनेक घरांत बाईच्या खात्याला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर जोडलेला असतो. तिला तो बदलून स्वतःचा नंबर द्यायचा असेल आणि सूचना जुन्या नंबरवर, म्हणजे नवऱ्याकडे, गेली तर? हा प्रश्न टाळून चालणार नाही. म्हणून जुन्या संपर्काला सूचना मिळण्याचा आणि हरकत नोंदवण्याचा हक्क असावा, नकाराधिकार असू नये. नंबरधारकाने हरकत घेतली तरी खातेदार स्वतः शाखेत येऊन ओळख पटवून देत असेल, तर त्याचे म्हणणे अंतिम धरले जावे. बाईने त्रासाच्या भीतीमुळे गुप्तता मागितली तर सूचना दुसऱ्या नोंदलेल्या पत्त्यावर पाठवण्याची मुभा असावी. आणि थांबण्याच्या काळात खाते गोठवू नये. मजुरी, पेन्शन, अनुदान जमा होत राहावे, शाखेतून रोख काढता यावी, फक्त नव्या नंबरवरून मोठी रक्कम बाहेर पाठवण्यावर मर्यादा असावी. चार-आठ दिवसांची ही अडचण खरी आहे, पण खाते रिकामे झाल्यावर पोलीस ठाणे, बँक आणि लोकपाल यांच्याकडे घालाव्या लागणाऱ्या खेपांशी तिची तुलना केली पाहिजे. सर्वांत महाग पडते ती तत्परता, जी चोराच्या कामी येते.

बोटाचा ठसा आणि चेहरा आल्यावर नंबरची कटकटच संपेल, असे काहींना वाटते. नंबर बदलताना बायोमेट्रिक घेतले की झाले, असे ते म्हणतात. बायोमेट्रिकचा उपयोग नक्कीच आहे, पण त्याच्यावर सगळा भार टाकणे धोक्याचे ठरेल. तेलंगणात २०१८ मध्ये जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उतरवून रबरी ठसे बनवले गेले आणि त्यांच्यावर हजारो सिम सुरू केल्याचे प्रकरण उघडकीस आले. पासवर्ड चोरीला गेला तर दुसरा ठेवता येतो, अंगठा बदलता येत नाही. शेतात आणि बांधकामावर राबणाऱ्या हातांचे ठसे झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही, हा तर रेशन दुकानातला रोजचा अनुभव आहे. हीच गोष्ट पासवर्डऐवजी आलेल्या पासकीची. पासकीत गुप्त किल्ली खातेदाराच्या ताब्यातच राहते, एसएमएसने कुठे जात नाही, त्यामुळे खोट्या संकेतस्थळाला ती देता येत नाही. तंत्र म्हणून ती ओटीपीपेक्षा निश्चितच सरस आहे. पण फोन हरवल्यावर नवी पासकी कशी मिळणार? त्यासाठी पुन्हा कुठली तरी दुरुस्तीची खिडकी लागणारच. कुलूप कितीही आधुनिक झाले तरी हरवलेल्या किल्लीची सोय करावीच लागते, आणि त्या सोयीचे नियम हाच खरा सुरक्षेचा प्रश्न उरतो.

ग्राहकांनीच सावध राहावे, बँका किती पुऱ्या पडणार, असे म्हणणारेही आहेत. अनोळखी एपीके उघडू नये, कुणाला ओटीपी सांगू नये, हे शिक्षण हवेच. पण खातेदाराला न विचारता झालेल्या बदलाबद्दल त्याला सावधतेचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली. नुकसान बँकेच्या हलगर्जीपणामुळे झाले असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तो यंत्रणेत दुसरीकडेच असेल आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही शून्य. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर. पण या सगळ्या मुदती मोजल्या जातात त्या ग्राहकाला व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून, आणि ज्याचा नोंदणीकृत नंबरच बदलला गेला आहे त्याला सूचना मिळतच नाही. म्हणून संपर्क बदलण्याचा नियम कडक केल्याशिवाय ग्राहकाला दिलेले हे संरक्षणही कागदावर राहण्याची भीती आहे.

खासगीपणाच्या बाजूनेही एक रास्त शंका आहे. जास्त पडताळणी म्हणजे जास्त माहिती गोळा करणे, आणि जमा झालेली माहिती कधी ना कधी फुटतेच. म्हणून उपाय असा हवा की नवी माहिती न मागता आधीच नोंदलेली माहिती नीट वापरली जाईल. जुन्या नंबरवर सूचना पाठवायला नवा फोटो, नवा ठसा, नवे ओळखपत्र लागत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हेच सांगतो: व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय ज्या माहितीवर आधारायचा ती अचूक ठेवणे आणि तिचे पुरेसे रक्षण करणे ही माहिती बाळगणाऱ्या संस्थेची जबाबदारी आहे, आणि रक्षणात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायमूर्ती पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. आपल्या नावापुढे कुणाचा नंबर लिहिला आहे, हे कळणे आणि तो बदलताना विचारले जाणे, हा त्या हक्काचा अगदी रोजच्या जगण्यातला अर्थ आहे.

नियम बदलण्याची वाट न पाहता वाचकांना आजच काही करता येईल. प्रत्येक बँक खात्यावर, विमा पॉलिसीवर आणि आधारवर कोणता नंबर आणि ईमेल नोंदलेला आहे, हे एकदा शाखेत किंवा अॅपमध्ये जाऊन डोळ्यांनी वाचा, आणि ईमेल अक्षर अक्षर करून वाचा. बंद पडलेला नंबर कुठे जोडलेला राहिला असेल तर तो ताबडतोब काढा, कारण बंद नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत, ते संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते. फोनचे नेटवर्क अचानक गेले आणि आजूबाजूच्यांचे सुरू असेल, तर दुसऱ्या फोनवरून मोबाईल कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर पहिल्या तासातच तक्रार करा. रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची संधी त्या सुरुवातीच्या वेळेतच सर्वाधिक असते.

पण क्रीडा संकुलाचे प्रकरण सार्वजनिक पैशाचे होते, म्हणून शेवटची विनंती सार्वजनिक खात्यांविषयी. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, शाळेची व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत, देवस्थान, गणेश मंडळ, यांच्यापैकी अनेकांची खाती आता नेट बँकिंगवर चालतात आणि त्यांतल्या कित्येकांना माजी सचिवाचा किंवा हिशेबनिसाचा खासगी नंबर जोडलेला असतो. आपण ज्या संस्थेचे सभासद आहात तिच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या: आपल्या खात्यावर कोणाचा मोबाईल आणि कोणता ईमेल नोंदलेला आहे, तो बदलायला किती सह्या लागतात, आणि बदल झाल्याची सूचना कोणाकोणाला मिळते. ज्या बँकेला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्या बँकेकडे ते लेखी मागा.